लाईट गेली तरी गावाचे कान उघडे हवेत

मिरगाचा पाऊस लागला की खानापूरच्या जंगलपट्ट्यात झाड पडते, तार तुटते आणि लाईट जाते. कणकुंबी-जांबोटीकडे तर हे दर वर्षीचेच. अंधाराची आपल्याला सवय आहे; कंदील, मेणबत्ती घरोघरी असते. पण हल्ली लाईटबरोबर फोनही मुका होतो आणि त्याची तयारी आपण करीत नाही. ही चूक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जुना तारेचा टेलिफोन लाईट गेल्यावरही चालत असे, कारण त्याची वीज एक्स्चेंजच्या बॅटरीतून त्याच तारेने येई. मोबाईलचे तसे नाही. टॉवरची बॅटरी काही तासांत उतरते. तिथे डिझेल पोचले नाही की आपला फोन भरलेला असूनही उपयोगाचा नाही. ऑगस्ट २०१९ चा बेळगाव जिल्ह्यातील पूर आणि मे २०२१ चे गोवा-कोकणातील तौक्ते वादळ यांत पुष्कळांनी हा अनुभव घेतला.

दोन वर्षांमागे आमच्या वाडीत एका म्हातारीला रात्री दम लागला. घरात फोन तीन. दिवसभर व्हिडिओ पाहून तिन्ही संपलेले. नातू चिखलातून पलीकडच्या वाडीपर्यंत धावला, तेव्हा गाडी मिळाली. म्हातारी वाचली, पण ती रात्र आम्ही विसरलेलो नाही.

कोणी म्हणेल, रेडिओ आता कोण ऐकतो? पण रेडिओला गावातला टॉवर लागत नाही. दूरच्या केंद्राचा आवाज दोन-तीन सेलवर कित्येक दिवस ऐकू येतो. म्हणून दर वाडीत निदान एक सेलचा रेडिओ असावा. आपल्याकडे कोणते केंद्र स्वच्छ लागते, ते आजच पाहून ठेवावे. नदीच्या पाण्याची व वादळाची बातमी तिथून घ्यावी. ‘धरण फुटले’ अशी आवई ऐकून गुरे सोडून पळू नये.

लाईट गेली की घरातला एक फोन बंद करून अडीनडीसाठी राखावा. रेंज कमी असेल तर बोलण्याऐवजी मेसेज पाठवावा. तो पुष्कळदा पोचतो. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर फोन भरण्याचा चार्जर मिळतो, तो घ्यावा. ११२, रुग्णवाहिकेचा १०८ आणि वीज तक्रारीचा १९१२ हे नंबर, तसेच नातलगांचे नंबर, कागदावर लिहून भिंतीला लावावेत. तुटलेली तार दिसली तर जवळ जाऊ नये, गुरेही तिकडे सोडू नयेत. आधी १९१२ ला कळवावे.

आणि फोन लागतच नसेल तर? आपल्या वाडवडिलांकडे चर्चची घंटा होती, ती आजही आहे. संकटात ती कशी वाजवायची, हे फादरांना विचारून आधी ठरवावे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे रोज संध्याकाळी कोणी जायचे, हेही ठरवावे.

यंदा पेरणीआधी वाडीची एक बैठक घ्या. बियाण्याची चौकशी कराल, तेव्हा रेडिओच्या सेलचीही करा.