डोंगराला जात नसते, निवाऱ्याच्या दाराचे काय?

‘डोंगराला जात नसते’ हे वाक्य ट्रेकिंगच्या ग्रुपवर दर मोसमात फिरते. ऐकायला गोड आहे. डोंगराला जात नसते हे खरेच. पण डोंगरात गेलेला माणूस रात्री कोणाच्या तरी छपराखाली झोपतो, कोणाच्या तरी टाक्याचे पाणी पितो. छपराला मालक असतो, टाक्याला राखणदार असतो, आणि त्या दोघांना जात असते. म्हणून आमचा प्रश्न डोंगराला नाही, निवाऱ्याच्या दाराला आहे.

हा प्रश्न आम्ही मुद्दाम युरोपातल्या बर्फावर नेऊन तपासणार आहोत. आपल्या समाजातली काही मुले आज शिष्यवृत्तीवर तिकडे शिकतात. हिवाळ्यातल्या एखाद्या शनिवार-रविवारी मित्रांसोबत स्की बांधून या निवाऱ्यावरून त्या निवाऱ्यावर जातात, फोटो टाकतात. मग इकडून आपलेच लोक विचारतात, ‘चळवळ सोडून हे चोचले कशाला?’ हे चोचले आहेत का, ते पाहू.

ही सहल पाळण्यात बसून वर जाण्याची आणि घसरत खाली येण्याची नव्हे. स्कीच्या तळाला एक केसाळ पट्टी चिकटवतात. ती पुढे सरकू देते, मागे घसरू देत नाही. तिच्या आधाराने तासन्‌तास चढायचे, खिंड ओलांडायची, पट्टी काढून पलीकडे उतरायचे आणि अंधाराआधी निवारा गाठायचा. प्रत्येकाच्या अंगावर संदेश पाठवणारे छोटे यंत्र, पाठीवर फावडे आणि बर्फात खुपसून शोध घ्यायची लांब काठी असते. हिमस्खलनात गाडलेल्या माणसाच्या हाती दहा-पंधरा मिनिटेच असतात. तेवढ्यात बाहेरची मदत सहसा पोहोचत नाही, सोबतचे मित्रच त्याला उकरून काढतात. बाबासाहेबांनी समता आणि स्वातंत्र्य टिकवणारी शक्ती म्हणून बुद्धाच्या मैत्रीकडे बोट दाखवले. ती मैत्री इथे जगण्या-मरण्याची अट असते.

आता निवाऱ्याकडे येऊ. नॉर्वेत 1868 साली स्थापन झालेली पर्यटन संघटना पाचशेहून अधिक निवारे चालवते. त्यांतल्या कित्येक ठिकाणी राखणदारही नसतो. सभासदाकडे किल्ली असते. आत चूल, लाकूड, पांघरूण आणि डबाबंद अन्न असते. जे वापरले ते लिहायचे आणि पैसे भरायचे, एवढाच हिशेब. निवारा भरला असला तरी उशिरा आलेल्याला थंडीत उभे न ठेवता जमिनीवर गादी टाकून त्याची सोय करायची, ही तिथली रीत. तिच्या जोडीला 1957 चा कायदा आहे. त्यानुसार मोकळ्या रानातून कोणीही वर्षभर चालू शकतो आणि हिवाळ्यात गोठलेल्या, बर्फाने झाकलेल्या शेतातूनही जाऊ शकतो, मग जमीन कोणाचीही असो.

नॉर्वे हा काही स्वर्ग नाही. 1814 च्या त्यांच्या राज्यघटनेने ज्यूंना देशात प्रवेशच नाकारला होता. ते कलम 1851 साली गेले. सामी या आदिवासी समाजाची भाषा आणि संस्कृती दडपल्याचा अहवाल तिथल्या सत्यशोधन आयोगाने 2023 साली संसदेला दिला. म्हणजे तिथली माणसे जन्मतःच उदार होती असे नाही. दार उघडे राहते ते नियमामुळे आणि संघटनेच्या शिस्तीमुळे.

हे पटत नसेल त्यांनी आल्प्स पाहावा. तिथेही असेच निवारे होते, तसाच बर्फ होता, तशीच थंडी होती. पण जर्मन-ऑस्ट्रियन गिर्यारोहक संघाच्या व्हिएन्नातील ‘ऑस्ट्रिया’ शाखेने 1921 साली आर्य वंशाची अट घातली. बाहेर काढलेल्या ज्यू आणि उदारमतवादी सभासदांनी त्याच वर्षी ‘डोनाउलांड’ ही वेगळी शाखा काढली. 1924 च्या अखेरीस त्या शाखेलाही मूळ संघातून हाकलले. निवाऱ्यांवर ‘ज्यू नकोत’ अशा पाट्या लागल्या. सन नीट पाहा. हिटलर सत्तेवर आला 1933 साली. त्याच्या कितीतरी आधी, कोणत्याही सरकारी हुकुमाशिवाय, शिकल्यासवरल्या निसर्गप्रेमींनी मतदान करून हे दार लावले होते. पुढे बर्लिनमधून बाहेर पडलेल्या सभासदांनी झिलरटालच्या डोंगरात सुमारे अडीच हजार मीटर उंचीवर फ्रीझेनबर्गहाउस हा स्वतःचा निवारा बांधला. नाझी राजवटीत तोही हिरावला गेला. निसर्गप्रेम माणसाला आपोआप समतावादी बनवते, या समजुतीला याहून मोठे उत्तर काय हवे?

आपल्याकडचे उत्तर तर खुद्द बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. 1934 साली ते सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले आणि वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. धुळीने माखलेल्या मंडळींनी किल्ल्याच्या दाराजवळच्या टाक्यावर हातपाय धुतले. लगेच तिथल्या मुस्लिम रहिवाशांनी ‘टाके बाटवले’ म्हणून त्यांना घेरले. किल्ल्यात सोडले तेही सोबत शिपाई देऊन, आत कुठे पाण्याला हात लागू नये म्हणून. जात एका धर्माच्या उंबऱ्यावर थांबत नाही, हा धडा त्यांनी या प्रसंगातून मांडला. मित्रांसोबतची ती सहलच होती. तिला कोणी चोचले म्हणेल काय?

भारतीय संविधानाच्या कलम 15 ने दुकाने, हॉटेले, विहिरी, तलाव आणि रस्ते सर्वांना खुले केले. पण गडाखालच्या गावात मुक्कामाला गेलेल्या पोराला आजही आधी आडनाव विचारले जाते, मग गाव, मग आळी. उत्तर मिळाले की घरातली जागा ओसरीवर सरकते किंवा ‘देवळात झोपा’ असा सल्ला येतो. तो ऐकूनही ग्रुपमधले बाकीचे ‘डोंगराला जात नसते’ असे स्टेटस ठेवतात, याचे आम्हाला जास्त वाईट वाटते.

यावर ठोस काम करता येईल. प्रत्येक ट्रेकिंग संस्थेने आपल्या नियमावलीत लिहावे की ज्या घरी एका सभासदाला वेगळे ताट किंवा वेगळी जागा मिळेल, तिथे अख्खा ग्रुप मुक्काम करणार नाही. गावच्या यजमानाला ही अट आगाऊ रक्कम देतानाच सांगावी. आणि आपल्या पोरांनी डोंगर दुसऱ्यांवर सोडू नये. आपल्या वस्तीतल्या मुलामुलींचे ग्रुप काढावेत. सह्याद्रीतल्या लेण्यांचे शिलालेख त्यांना दाखवावेत. तिथे दान दिले आहे ते चारही दिशांच्या भिक्खुसंघाला, कोणा एका कुळाला नाही. त्या भिक्खूंना कातळातली ती खोली मिळताना कोणी आडनाव विचारले नव्हते.

फिरण्याचा, विसाव्याचा आणि रात्री निर्धास्त झोपण्याचा हक्क हा पाण्याच्या हक्काचाच पुढचा भाग आहे. महाडला ओंजळ भरली गेली 1927 साली. मुक्कामाच्या दाराचा प्रश्न अजून बाकी आहे आणि तो आपल्यालाच हाती घ्यावा लागेल.

जय भीम!