पॉलिसी काढली, पुढे?

११ मार्च २०२० रोजी नागपुरात कोरोनाचा पहिला रुग्ण आढळला, तो अमेरिकेहून परतलेला होता. धरमपेठेत घराघरांत धस्स झालं, कारण इथल्या कितीतरी घरांतली मुलं परदेशात आहेत. आई-बाबांचं तिकीट, मुलीचं बाळंतपण, सगळंच अधांतरी. आठवडाभरात परदेशातून आलेल्यांच्या हातावर होम क्वारंटाइनचे शिक्के बसू लागले.

जुलै २०२० मध्ये विमा नियामकाच्या सूचनेवरून ‘कोरोना कवच’ ही पॉलिसी आली. ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत संरक्षण, पहिले १५ दिवस मात्र दावा नाही. पॉलिसी हातात आली की लोकांना वाटायचं, आता निघायला हरकत नाही. त्याच पॉलिसीतलं एक कलम किती जणांनी वाचलं असेल? भारत सरकारने प्रवासाला निर्बंध घातलेल्या देशात गेलं, तर संरक्षण तिथेच संपायचं. उपचारही भारताबाहेरचे चालत नव्हते.

विमा दवाखान्याचं बिल भरतो. शिक्का लपवून गोकुळपेठ बाजारात भाजी घेणाऱ्यामुळे ठेलेवालीच्या घरी जे आजारपण जातं, त्याची भरपाई कोणत्याच पॉलिसीत नाही. तिच्याकडे पॉलिसी असण्याची शक्यताही कमीच. आमच्या मते जोखीम मोजताना पहिला हिशेब तिचा व्हायला हवा, आपल्या तिकिटाचा नंतर.

साथ पुन्हा आली, तर निघण्याआधी पॉलिसीतली ‘काय मिळणार नाही’ ही यादी वाचा. आणि परतल्यावर सांगितलेले दिवस घरातच राहा.