बिऱ्हाड बदलणाऱ्या ग्राहकास न्याय मिळालाच पाहिजे
सावंतवाडीतील इंटरनेट व केबल-ग्राहकांसाठी जाहीर पत्रक



शाळांची सुटी आणि सरकारी बदल्यांचे हुकूम यांमुळे मे महिन्याचा उत्तरार्ध व जूनचा प्रारंभ हा आपल्या गावी बिऱ्हाडे हलविण्याचा काळ ठरला आहे; आणि नेमका त्याच सुमारास पावसाळा सुरू होत असल्याने, सालईवाड्यातून माजगावास किंवा खासकीलवाड्यातून कोलगावास जाणाऱ्या कुटुंबाची जोडणी, खांबांवरच्या तारा तुटण्याच्या आणि दुरुस्तीची माणसे अपुरी पडण्याच्या दिवसांत अडकून पडते. ज्या सेवेवर विद्यार्थ्याचा अभ्यास, निवृत्तांचे बँकेचे व्यवहार आणि मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांचे काम घरून करणाऱ्या तरुणांची उपजीविका अवलंबून आहे, ती सेवा ‘बघू, माणूस पाठवतो’ एवढ्या तोंडी आश्वासनावर अनिश्चित काळ टांगणीस लावणे हा उघड अन्याय आहे.

घर बदलले तरी ग्राहक तोच असतो, त्याने आगाऊ भरलेली वर्गणी तीच असते आणि बहुधा यंत्रही तेच असते. असे असता जुनी जोडणी रद्द करावयास लावून नव्या जागी नवा अर्ज, नवी अनामत आणि नवे शुल्क मागणे म्हणजे एकाच मालाची किंमत दुसऱ्यांदा वसूल करणे होय. नव्या वाडीत फायबर पोहोचलेली नसेल तर ती अडचण खरी आहे, आणि तांत्रिक शक्यतेची अट नियमांनीही मान्य केली आहे; परंतु ती अडचण ग्राहकास वेळीच व लेखी कळवून शिल्लक वर्गणी आणि अनामत परत करणे, एवढे कर्तव्य त्यामुळे चुकत नाही.

दूरचित्रवाणीसंबंधी एक गोष्ट फार थोड्यांस ठाऊक आहे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 2017 साली केबल व डीटीएच जोडणीच्या शुल्कास 350 रुपयांची कमाल मर्यादा घातली होती. जुलै 2024 मध्ये जोडणी, स्थलांतर व तंत्रज्ञाची भेट यांच्या शुल्कांवरील अशा मर्यादा उठविण्यात आल्या, मात्र ही शुल्के जाहीर करण्याचे बंधन सेवादारांवर ठेवण्यात आले. तेव्हा कोणी मनास येईल ती रक्कम सांगू लागल्यास त्याचे जाहीर दरपत्रक मागणे हा आपला हक्क आहे. एका सेवादाराचा सेट-टॉप बॉक्स दुसऱ्याकडे चालत नाही, आणि तो चालावा अशी शिफारस प्राधिकरणाने एप्रिल 2020 मध्ये करूनही ग्राहकाची ती अडचण कायम आहे. म्हणून नव्या आळीत आपलाच केबलवाला आहे की नाही, याची चौकशी बॉक्स सोडविण्यापूर्वी करावी. डीटीएचची तबकडी कोठेही नेता येते, पण माडा-फणसांच्या गर्दीतील घरी तिच्यासाठी मोकळे आकाश आहे काय, हे आधी तपासावे. दूरध्वनीधारकांनीही लक्षात ठेवावे की मोबाइलचा क्रमांक कंपनी बदलूनही राखण्याची सोय 2011 पासून देशभर असली, तरी 02363 चा क्रमांक कुडाळच्या 02362 मध्ये नेता येत नाही.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत:

1. स्थलांतराच्या अर्जाची पोच व काम पूर्ण होण्याची तारीख लेखी द्यावी.
2. स्थलांतराचे दरपत्रक प्रत्येक दुकानात व कचेरीत मराठीत लावावे.
3. सेवा बंद राहिलेल्या दिवसांची वर्गणी आकारू नये.
4. जोडणी देणे अशक्य असल्यास शिल्लक रक्कम व अनामत विनाविलंब परत करावी.

इंटरनेटच्या बाबतीत सेवादाराने दाद न दिल्यास तक्रार-केंद्राकडून तक्रारीचा क्रमांक घ्यावा. तक्रार निवारणाची मुदत टळली की 30 दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील-प्राधिकाऱ्याकडे जाता येते, आणि 2012 च्या नियमांनुसार त्या अपिलाचा निकाल 39 दिवसांत लागला पाहिजे. दूरसंचाराच्या तक्रारी ग्राहक आयोगापुढे चालत नाहीत, असे कोणी सांगितल्यास त्यास सर्वोच्च न्यायालयाच्या 16 फेब्रुवारी 2022 च्या निर्णयाचे स्मरण द्यावे. त्या निर्णयाने हा मार्ग खुला असल्याचे निःसंदिग्धपणे सांगितले आहे. सेवेसाठी दिलेला मोबदला 5 लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडील तक्रारीस शुल्कही लागत नाही, आणि प्राथमिक सल्ल्यासाठी 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

नागरिकहो, कायद्याने दिलेले हक्क मागितल्यावाचून पदरी पडत नाहीत, आणि एकट्यादुकट्याची तोंडी तक्रार दप्तरी नोंदलीही जात नाही. म्हणून सामान बांधण्यास घेण्यापूर्वी किमान पंधरा दिवस लेखी अर्ज करा, पोच घ्या, पावतीवाचून एक रुपयाही देऊ नका, आणि शेजाऱ्यावर असा प्रसंग आल्यास त्याच्या अर्जास साक्षीदार म्हणून उभे राहा.

आपला नम्र,
सावंतवाडीचा एक रहिवासी