कढीपत्त्यावरील पाहुणा

मागील अंकात आपण पानांचे ठसे घेतले. या वेळी फुलपाखरू करू.

पावसाळ्यात कुंडीतील कढीपत्त्याची किंवा लिंबाची कोवळी पाने कुरतडलेली दिसतात आणि घरात औषध फवारण्याची भाषा सुरू होते. त्यापूर्वी मुलांना घेऊन त्या रोपाजवळ बसावे. पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखे जे दिसते, ती पुष्कळदा लाइम फुलपाखराची लहान अळी असते. हे रूपच तिचे रक्षण करते; मोठी झाली की ती पानासारखी हिरवी होते. २०१५ मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरलेले ब्ल्यू मॉरमॉनदेखील लिंबाच्या कुळातील झाडांवरच अंडी घालते.

व्यापाऱ्याच्या घरी पाठकोऱ्या कागदांना तोटा नाही. (गिऱ्हाइकाचे नाव व रक्कम असलेले पान मात्र बाजूला काढावे.) कणकेची खळ करावी. कागदाच्या दोन लांब पट्ट्या काटकोनात चिकटवून आळीपाळीने एकीवर दुसरी दुमडत गेले की ताणली-आखडली जाणारी अळी तयार होते. पंखांसाठी कागदाची घडी घालून घडीच्या कडेला अर्धी आकृती काढावी व कापावी. उलगडताच दोन्ही बाजू सारख्या आलेल्या पाहून मुले हरखतात.

खरी गंमत जोडणीत आहे. मुले पंख हमखास पोटाला चिकटवतात, कारण तोच भाग सर्वांत लांब. वास्तविक डोके, छाती व पोट यांपैकी चार पंख आणि सहा पाय, सारे छातीलाच असतात. हे सांगू नये. रोपाजवळ नेऊन पाहू द्यावे. खरे फुलपाखरू मात्र पकडू नये. बोटाला लागते ती भुकटी म्हणजे त्याच्या पंखांवरील खवले. ते पुन्हा येत नाहीत.

लहान रोप अळ्या पार ओकेबोके करतात, हेही खरे. अशा वेळी अळी चिमटीत न धरता डहाळीसकट मोठ्या झाडावर ठेवावी. डिवचली तर ती डोक्यामागून दोन शिंगे काढून उग्र वास सोडते! फोडणीसाठी पाने खुडतानाही प्रत्येक पान उलटून पाहावे; रव्याच्या कणाएवढे फिकट पिवळे अंडे तेथे असू शकते.

अळीचा कोश झाला की कागदाचाही एक कोश करून दोऱ्याने जवळ टांगावा व त्यावर मुलाकडून तारीख लिहून घ्यावी.