ओवाळणी की हमी?

ओतूरहून माळशेजकडे निघाले की वाटेत डिंगोरे लागते. येथून पूर्वेला टोमॅटो-कांद्याची बागायत, तर पश्चिमेला डोंगराच्या कुशीत महादेव कोळी आणि ठाकर वस्त्या. या पट्ट्यात अलीकडे एक वाक्य सतत कानी येते : "लाडकी बहीण आल्यापासून खुडणीला बाया मिळत नाहीत." आमच्या स्टाफरूममध्ये त्याचीच शुद्ध मराठी आवृत्ती प्रचलित आहे : "शासनाने समाज परावलंबी केला." साहित्याच्या अध्यापकांनी तरी इतक्या सैल वाक्यांवर विसंबू नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

महिन्याला १५०० रुपये म्हणजे दिवसाला ५० रुपये. एवढ्या रकमेमुळे एखादी बाई उन्हातान्हात वाकण्यास नकार देऊ शकत असेल, तर दोष त्या ५० रुपयांचा की आजवर मिळत आलेल्या मजुरीचा? 'सेवा' संघटनेने २०११-१२च्या सुमारास मध्य प्रदेशातील काही गावांत विनाअट रोख रक्कम देण्याचा प्रयोग केला होता. लोक हातपाय गाळून बसले नाहीत; अनेकांनी दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी कमी करून स्वतःच्या शेतात अधिक राबणे पत्करले. आळसाचा सिद्धान्त मांडणाऱ्यांनी हा फरक समजून घ्यावा.

मात्र दुसऱ्या टोकाला उभे असलेले उत्साही मित्रही मला तितकेच खटकतात. त्यांच्या मते सार्वत्रिक मूलभूत उत्पन्नाची पहाट झालीच आहे. आता रेशन, रोजगार हमी, निराधार अनुदान हा पसारा आवरून थेट खात्यात पैसे टाकावेत. केंद्राच्या २०१६-१७च्या आर्थिक पाहणी अहवालातही अशा उत्पन्नाचा विचार प्रामुख्याने प्रचलित योजनांना पर्याय म्हणूनच झाला होता.

येथे शब्दांकडे नीट पाहावे लागते. 'सार्वत्रिक' म्हणजे प्रत्येकाला, पात्रतेची परीक्षा न घेता. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या लाडकी बहीण योजनेत वयाची अट २१ ते ६५, कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. दुसऱ्या शासकीय योजनेतून दरमहा १५०० रुपये घेणारी निराधार विधवा अपात्र. नमो शेतकरी योजनेचे १००० रुपये घेणारीला येथे फक्त ५००. म्हणजे नवे देताना जुने वजा करण्याची रीत पहिल्यापासूनच आहे. पासष्टी उलटली की, हात सर्वांत रिकामे होतात त्याच वयात, बहीण लाडकी राहत नाही. निवडणूक पार पडल्यावर, २०२५ साली, पडताळणीची चाळणी लागली. नात्याच्या भाषेत दिलेल्या वस्तूची हीच गत होते. ओवाळणी किती टाकावी हे भाऊ ठरवतो, आणि ताटातल्या ओवाळणीसाठी बहिणीला दावा लावता येत नाही.

याच महाराष्ट्राने एकेकाळी वेगळा शब्द घडवला होता : हमी. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात ज्या कल्पनेचा प्रयोग केला, ती १९७२च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या आणि पाझर तलाव खणणाऱ्या लाखो हातांनी सिद्ध केली. १९७७ साली तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत न दिल्यास बेकारी भत्ता देणे शासनावर बंधनकारक झाले. रोहयोची कहाणी निष्कलंक नाही. खोटे हजेरीपट आणि रखडलेली मजुरी यांचे समर्थन कोणी करणार नाही. पण मजूर तेथे याचक नव्हता. तो तहसील कचेरीवर मोर्चा नेत असे, कारण कायदा त्याच्या बाजूचा होता.

त्या हमीसाठी पैसा कोठून आला, हे आपल्याच पगारपत्रकात लिहिलेले आहे. दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापला जाणारा व्यवसाय कर रोहयोसाठीच १९७५ साली लावण्यात आला. नोकरदाराने दुष्काळी गावाचे देणे कराच्या रूपाने चुकवावे, असा तो करार होता. आज उलटे घडते. २०२५ साली सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या खात्यांचा निधी लाडकी बहीण योजनेकडे वळवला गेला, तेव्हा सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. डिंगोऱ्याच्या पश्चिमेकडील वस्तीच्या वाट्याचे घेऊन त्याच वस्तीतल्या बहिणीला ओवाळणी घालण्यात औदार्य ते कोणते?

मूलभूत उत्पन्नाला माझा विरोध नाही. ते यावे, पण कायद्याने यावे, महागाईबरोबर वाढणारे असावे आणि धान्य, काम व वार्धक्याचे अनुदान यांच्या जागी न येता त्यांच्या जोडीला यावे. दुकानात तांदूळ महागला तरी रेशनचा पाच किलो तांदूळ पाच किलोच राहतो. १५०० रुपये मात्र दरवर्षी थोडे थोडे झिजतात.

हे आपल्याला समजावून सांगण्याची गरज पडू नये. आपला महागाई भत्ता निर्देशांकाशी बांधलेला आहे. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्यातील कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले, तेव्हा मागणी हमीचीच होती, आणि ती रास्त होती. सेट-नेट होऊनही तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या तरुण सहकाऱ्याला विचारा. मानधन आणि हमी यांतले अंतर तो आपल्यापेक्षा नेमके सांगेल. स्वतःसाठी जो शब्द आपण घोषणेत वापरला, तो खुडणीच्या बाईने उच्चारताच आपल्याला तिच्यात आळस का दिसावा?