कागद नको, डेटा द्या!

ओसीटी स्कॅन झाला की पेशंटच्या हातात एक चकचकीत प्रिंटआउट पडतो. लाल-पिवळं-हिरवं चित्र, मध्ये एक आकडा, झालं! क्रॉनिक युव्हायटिसच्या पेशंटची अशी कागदावर बोळवण करणं मला तरी चुकीचं वाटतं.

युव्हायटिस म्हणजे डोळ्याच्या मधल्या थराचा दाह. क्रॉनिक प्रकारात औषध थांबवलं की तीन महिन्यांच्या आत तो पुन्हा डोकं वर काढतो. नजर जाते ती बऱ्याचदा मॅक्युलात, म्हणजे पडद्याच्या केंद्रात, पाणी साठून. १९९१ मध्ये जगापुढे आलेलं ओसीटी ही सूज मायक्रॉनमध्ये मोजतं. त्या आकड्याकडे बघून स्टेरॉइड वाढवायचं की कमी करायचं ते ठरतं. आणि स्टेरॉइड म्हणजे गंमत नव्हे राव, त्यानेच मोतीबिंदू होतो, डोळ्याचं प्रेशर वाढतं.

आता खरी मेख. प्रत्येक मशीनची पट्टी वेगळी! जुनं स्ट्रॅटस पडद्याची खालची हद्द फोटोरिसेप्टरच्या रेषेवर धरायचं, स्पेक्ट्रॅलिस ती आणखी खाली, ब्रुक मेम्ब्रेनवर धरतं. त्यामुळे तोच निरोगी डोळा एकावर साधारण २०० मायक्रॉन, दुसऱ्यावर २७०. शिवाय सूज किंवा वर आलेली पातळ झिल्ली असेल तर सॉफ्टवेअर रेषाच भलतीकडे आखतं. मूळ स्कॅन असेल तर डॉक्टर ती हाताने सुधारू शकतात. कागदावर काय सुधारणार, कप्पाळ?

माझा एक कलीग पुण्याहून बंगलोरला गेला. नव्या डॉक्टरांनी त्याची तीन वर्षांची फाइल चाळली आणि म्हणाले, मशीन वेगळं आहे, आपण नव्याने बेसलाइन घेऊ. डॉक्टरांचं बरोबरच होतं. पण तीन वर्षांचा इतिहास गेला ना पाण्यात!

"पेशंट डेटा घेऊन काय करणार?" असं विचारतात. अहो, एमआरआयची सीडी देताच ना? ती तरी पेशंट कुठे वाचतो? पुढचा डॉक्टर वाचतो. डायकॉम स्टँडर्डमध्ये ओसीटीची सोयसुद्धा आहे, त्यामुळे तांत्रिक सबब चालणार नाही.

आपल्या टीममध्ये कोणी "लॉग उडवा, स्क्रीनशॉट ठेवा" म्हणालं तर आपण त्याला वेड्यात काढू. मग डोळ्यांच्या बाबतीत गप्प का बसायचं? पुढच्या स्कॅनला मूळ फाइल मागा, मशीनच्या नावासकट. नाही म्हणाले तर का नाही, ते विचारा.