खेळाडू पदवीधर झाल्यानंतर

विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आटोपल्या, स्नेहसंमेलनात कर्णधाराच्या हाती करंडक देऊन झाला, आणि पावसाळ्याच्या तोंडाला पदवीचा निकाल लागला, की महाविद्यालयाच्या लेखी खेळाडूचे प्रकरण संपते. खेळाडूच्या लेखी ते त्याच दिवशी सुरू होते. पालघर किंवा बोईसरकडचा एखादा बास्केटबॉलपटू घ्या. तीन वर्षे मुंबई विद्यापीठाच्या स्पर्धांत खेळलेला, अंगात दम असलेला, वयाने एकवीस-बावीस. पुढे तो काय करतो, हा प्रश्न क्रीडेच्या पानावर सहसा विचारला जात नाही. कारण तो क्रीडेचा मानलाच जात नाही. तो रोजगाराचा प्रश्न आहे आणि त्याची चर्चा त्याच अंगाने व्हावयास हवी.

हा पट्टा रोजगाराच्या दृष्टीने दरिद्री आहे, असे कोणी म्हणू धजणार नाही. देशातील पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली तारापूरलाच सुरू झाले. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, कापड आणि पोलाद यांचे कारखाने दाटीवाटीने उभे आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा होऊन पालघर जिल्हा झाला. त्याआधी २०१३ मध्ये उपनगरी गाड्या विरारच्या पुढे डहाणूपर्यंत धावू लागल्या होत्या. महाविद्यालये आहेत, रेल्वे आहे, उद्योग आहेत. असे असूनही महाविद्यालयात चांगला खेळलेला तरुण पदवीनंतर दोन वर्षांत मैदानावरून दिसेनासा होतो. तो कोठे नाहीसा होतो, हे शोधायला फार लांब जावे लागत नाही. सकाळच्या पाळीला बोईसर स्थानकाबाहेर रिक्षांसाठी जी रांग लागते, तीत तो उभा असतो.

पालघरचे नाव क्रीडाजगतात गाजले ते शार्दूल ठाकूरमुळे. हा वेगवान गोलंदाज पालघर तालुक्यातला. चर्चगेटहून विरार साठ किलोमीटर, आणि पालघर त्याच्याही तीसेक किलोमीटर पलीकडे. क्रिकेटचे साहित्य पाठीवर घेऊन त्याने हा प्रवास वर्षानुवर्षे केला आणि अखेर शिक्षणासाठी त्याला बोरिवलीत, प्रशिक्षकांच्या घरी राहावे लागले. त्याच्या जिद्दीचे कौतुक करावे तितके थोडेच. तथापि त्याच्या यशातून निघणारा दुसरा अर्थ आपण सोयीस्करपणे विसरतो: खेळाडू व्हायचे तर पालघर सोडावे लागते. क्रिकेटमध्ये पैसा असल्यामुळे सोडणाऱ्याच्या पदरी निदान काही पडण्याची आशा तरी असते. बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, कबड्डी खेळणाऱ्याने काय हिशोब मांडून घर सोडावे?

आपल्याकडे खेळाडूची कारकीर्द खेळाने फारशी घडविली नाही. ती नोकरीने घडविली. रेल्वे क्रीडा मंडळाची स्थापना १९२८ सालची. तेव्हापासून आजतागायत रेल्वे हा भारतीय खेळाडूंचा सर्वांत मोठा अन्नदाता राहिला आहे. बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धांत महिलांमध्ये रेल्वेचे वर्चस्व दीर्घकाळ आहे, याचे कारण रेल्वेला काही निराळे प्रशिक्षणतंत्र सापडले, असे नाही. रेल्वे पगार देते, रजा देते आणि खेळ संपल्यावरही नोकरी देते, एवढेच. केरळच्या गीतू अन्ना जोसला २०११ साली अमेरिकेतील महिलांच्या व्यावसायिक संघांनी चाचणीसाठी बोलाविले. ती दक्षिण रेल्वेची खेळाडू होती. आपल्या पुण्याची शिरीन लिमये भारतीय संघाची कर्णधार झाली. राष्ट्रीय स्पर्धांत तीही रेल्वेकडूनच खेळली.

मुंबईत तर ही एक संस्कृतीच होती. अजित वाडेकर स्टेट बँकेत, सुनील गावसकर निरलॉनमध्ये. कबड्डीचे संघ महिंद्र, एअर इंडिया, देना बँक यांच्या नावाने ओळखले जात. दक्षिणेत विजया बँकेचा बास्केटबॉल संघ नावाजलेला होता. गिरणी, बँक किंवा कंपनी यांनी खेळाडूला कारकून म्हणून घ्यावे, त्याने दुपारनंतर सरावाला जावे आणि संस्थेचे नाव वर्तमानपत्रात यावे, असा तो अलिखित करार होता.

हा करार कोणी एका दिवशी मोडला नाही. त्यावर सह्या करणारे पक्षच एकेक करून नाहीसे झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखे उभे राहिले नाही. १ एप्रिल २०१९ रोजी देना बँक आणि विजया बँक या दोन्ही बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या. २०२२ च्या जानेवारीत एअर इंडिया सरकारच्या हातून टाटांकडे गेली. या निर्णयांची आर्थिक कारणे होती आणि ती येथे तपासण्याचे प्रयोजन नाही. परंतु बँकांच्या विलीनीकरणाचा ताळेबंद मांडताना त्यांच्या क्रीडा-भरतीचे काय होणार, याची विचारपूस कितीशी झाली?

जुन्या व्यवस्थेबद्दल गहिवरून लिहिण्याची मात्र आवश्यकता नाही. तीत मोठा दोष होता. हजेरीपटावर सही करून मैदानावर जाणारा खेळाडू कचेरीचे काम कधी शिकतच नसे. पस्तिशीत गुडघा निकामी झाला की तो कायमचा कचेरीत येऊन बसे. तेथे त्याच्यानंतर लागलेले सहकारी त्याचे वरिष्ठ झालेले असत आणि त्याला फाइलीवरची टिप्पणी धड लिहिता येत नसे. पगार चालू राही, मान राहत नसे. सिमेंटच्या मैदानावर उड्या मारणाऱ्या बास्केटबॉलपटूच्या वाट्याला हे दिवस इतरांपेक्षा लवकर येत. नोकरीने त्याला उपासमारीपासून वाचविले, पण दुसरा व्यवसाय दिला नाही.

या संदर्भात अमेरिकेतील डेव्ह बिंग याचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. सिरॅक्यूज विद्यापीठातून खेळून तो डेट्रॉइटच्या व्यावसायिक बास्केटबॉल संघात गेला. तेथे नाव कमावीत असतानाच, खेळाचा हंगाम संपला की तो बँकेत काम करीत असे. निवृत्तीनंतर त्याने पोलादाच्या धंद्यात उमेदवारी केली, १९८० साली ‘बिंग स्टील’ ही कंपनी काढली आणि २००९ मध्ये तो डेट्रॉइटचा महापौर झाला. अमेरिकेत दरवर्षी हजारो मुले महाविद्यालयीन बास्केटबॉल खेळतात. व्यावसायिक संघ निवडतात ती जास्तीत जास्त साठ. उरलेल्यांना काहीतरी दुसरे करावेच लागते, हे तेथील विद्यापीठांनी निदान उघडपणे मान्य केले आहे. बिंगसारखा माणूस अपवाद खराच, पण खेळत असतानाच दुसरे काम शिकण्याचा त्याचा मार्ग बोईसरच्या पोलाद कारखान्यांनाही अपरिचित वाटू नये.

आपल्याकडे गेल्या दशकात लीगचे वारे वाहू लागले. २०१४ साली व्यावसायिक कबड्डी लीग सुरू झाली आणि २०१८ च्या लिलावात कबड्डीपटूवर कोटीहून अधिक बोली लागली. गावोगावच्या मैदानांवर त्याचा परिणाम झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. बास्केटबॉलचे नशीब मात्र तितके थोर नव्हते. २०१५ मध्ये निघालेली एक व्यावसायिक स्पर्धा २०१७ नंतर बंद पडली. २०२२ मध्ये मुंबईसह सहा शहरांच्या संघांची नवी लीग झाली. सहा संघांत मिळून किती खेळाडू मावणार, हे बोटांवर मोजता येईल. आणि हंगाम काही आठवड्यांचा. त्याच २०१५ साली पंजाबचा सतनाम सिंग अमेरिकेतील राष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या संघाने निवडलेला पहिला भारतीय ठरला. त्या स्पर्धेत प्रत्यक्ष सामना खेळण्याचा योग त्याला आला नाही. पुढे तो व्यावसायिक कुस्तीच्या रिंगणात उतरला. सात फुटांहून उंच माणसाची ही कथा असेल, तर पालघरच्या सहा फुटी मुलाने लीगच्या भरवशावर राहू नये, हे सांगायला ज्योतिषाची गरज नाही.

राहिली सरकारी नोकरी. महाराष्ट्र शासनाने २००५ पासून खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण ठेवले आहे, ही गोष्ट निःसंशय स्तुत्य. पण तिचा लाभ मिळण्यासाठी ठरावीक दर्जाच्या स्पर्धेतील पदक लागते, त्यानंतर प्रमाणपत्राची पडताळणी लागते, आणि पडताळणी पार पडल्यावर स्पर्धा परीक्षा उभीच असते. मधल्या काळात बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आल्यामुळे पडताळणी अधिक कडक झाली. लबाडांनी केलेल्या पापाची शिक्षा प्रामाणिक खेळाडू विलंबाच्या रूपाने भोगतो. शिवाय पदकाच्या अटीत सांघिक खेळाचा खेळाडू सहज अडकतो. धावपटू एकटा पळून पदक आणू शकतो. बास्केटबॉलपटूला त्यासाठी चांगला संघ लागतो, आणि संघ टिकवायला पुन्हा नोकरीच लागते.

तेव्हा प्रश्न फिरून तारापूरच्या कारखान्यांपाशी येतो. येथे पदवीधर तरुणाला काम मिळत नाही, असे नाही. ते बहुधा कंत्राटदारामार्फत मिळते आणि फिरत्या पाळ्यांत मिळते. बाहेरून क्षुल्लक वाटणारी ही फिरती पाळी संघाचा प्राण घेते. पाचांपैकी एक पहिल्या पाळीला, दोन दुसऱ्या पाळीला, एक रात्रपाळी करून झोपलेला. अशा स्थितीत सराव कोणी कोणाबरोबर करावा? तीन महिने असे गेले की संघ विसर्जित होतो. त्यासाठी कोणाला राजीनामा द्यावा लागत नाही. मुलींच्या बाबतीत तर तीन महिनेही लागत नाहीत. संध्याकाळी उशिरा सरावाहून एकटीने परतण्याचा प्रश्न घरातून आधी उपस्थित होतो.

सामाजिक दायित्वाच्या निधीतून हे भागेल, असे काहींना वाटते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ अन्वये मोठ्या कंपन्यांनी सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजासाठी खर्च करावयाची आहे, आणि ग्रामीण व ऑलिंपिक खेळांचे प्रशिक्षण त्यात बसते. परंतु केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या हिताचा खर्च त्यात धरता येत नाही. मॅरेथॉनसारखे एकदाच होणारे सोहळेही त्यात मोजू नयेत, असे १८ जून २०१४ च्या सरकारी परिपत्रकाने स्पष्ट केले. म्हणजे या पैशातून मैदान होईल, प्रशिक्षक येईल, चेंडू येतील. खेळाडूला नोकरी मिळणार नाही. पालघरच्या पावसात चार महिने उघडे मैदान निरुपयोगी असते, तेव्हा छप्पर असलेले एक क्रीडांगण या निधीतून झाले तरी ते थोडे म्हणता येणार नाही.

नोकरीसाठी निराळे कलम आधीपासूनच आहे. शिकाऊ उमेदवारांच्या १९६१ च्या कायद्याखालील नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने, कंत्राटी कामगार धरून, एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावयाचे असतात. ही माणसे कारखान्यांना घ्यावयाचीच आहेत. त्यांपैकी काही जागा जिल्ह्यातील महाविद्यालयीन खेळाडूंना द्याव्यात, त्यांना वर्षभर दिवसपाळीच ठेवावी आणि संध्याकाळचे दोन तास मोकळे सोडावेत, यात कारखानदाराच्या खिशाला फारशी झळ पोचत नाही. मुलगा प्रयोगशाळेतले, गुणनियंत्रणाचे किंवा भांडाराचे काम खरोखर शिकेल. जुन्या कारकून-खेळाडूचा दोष येथे आपोआप टळतो. तारापूरच्या कारखानदारांची ‘टिमा’ ही संघटना आहे. दहा-बारा कारखान्यांनी मिळून हे केले, तर आंतरकारखाना स्पर्धेसाठी पुरेसे संघ उभे राहतील.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या घटकांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. तेथील प्रकल्पग्रस्तांच्या नोकऱ्यांचा वाद वर्षानुवर्षे चालला. जेथे जमीन देणाऱ्याला नोकरीसाठी झगडावे लागते, तेथे चेंडू खेळणाऱ्याने रांगेत पुढे यावे काय? येऊ नये. परंतु या दोन रांगा वेगळ्या नाहीत. या किनाऱ्यावर आणि डोंगरपट्टीत खेळणारी मुले कोळी, वारली, कुणबी घरांतलीच आहेत. प्रकल्पाने विस्थापित केलेल्या घरातील मुलगी महाविद्यालयाच्या संघात असू शकते, ही गोष्ट भरती करणाऱ्याच्या नजरेस येत नाही, कारण त्याच्या अर्जात खेळाचा रकानाच नसतो.

वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाचा तो प्रकल्प. मच्छीमारांचा त्याला असलेला विरोधही सर्वज्ञात आहे. बुलेट ट्रेनचे एक स्थानक बोईसरला होत आहे. या दोन्ही प्रकल्पांच्या निमित्ताने स्थानिकांना रोजगाराची आश्वासने दिली जात आहेत, आणि भरतीचे नियम लिहिले जाण्याचा काळ हाच आहे. खेळाडूंच्या शिकाऊ जागा, ठरलेली दिवसपाळी आणि अर्जातला तो एक रकाना आताच नियमांत बसविता येईल. जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी आणि महाविद्यालयांच्या क्रीडा शिक्षकांनी एकत्र बसून त्याचा मसुदा पुढच्या जूनपूर्वी द्यावयास हवा. कारण त्या महिन्यात पदवीधरांची आणखी एक तुकडी बोईसरच्या रिक्षांच्या रांगेत येऊन उभी राहील.